शब्द टाकणारी माणसं

'यंदाच्या अंकासाठी आपल्या व्यवसायाचा इतिहास लिहा,' असा आग्रह संपादकांनी धरला तेव्हा मला हसू आलं. अहो, माझा व्यवसाय विमा विकण्याचा! विमा एजंट समोरून येताना दिसला की भलीभली माणसं रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जातात. त्याचा इतिहास कोण वाचणार? पण त्याच आठवड्यात लॉफ्टमधल्या ट्रंकेत वडिलांची एक डायरी हाती लागली, आणि मग वाटलं की लिहावं. थोडा इतिहास, थोडी कबुलीही.

वडील साताऱ्याच्या 'वेस्टर्न इंडिया' विमा कंपनीचे एजंट होते. पलूस, कुंडल, भिलवडी, तासगाव हा त्यांचा टापू. तेव्हा तो दक्षिण सातारा जिल्हा होता, 'सांगली जिल्हा' हे नाव १९६० सालचं. डायरी आहे १९५४ ची. प्रत्येक पानावर शाईने आखलेले तीन रकाने. पहिल्यात विमा उतरवणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात हप्ता, आणि तिसऱ्या रकान्यावर नुसतं एवढंच लिहिलंय: 'शब्द'. त्याखाली ओळीने माणसं. शाळेचे हेडमास्तर. वैद्य. पोस्टमास्तर. किर्लोस्करवाडीचे एक फोरमन. म्हणजे ज्यांनी वडिलांसाठी शब्द टाकला ती माणसं.

इंग्लंडमध्ये याला रेफरल म्हणतात आणि ते कसं मिळवायचं याचे कोर्सेस चालतात. आपला 'शब्द टाकणे' हा प्रयोग मला जास्त खरा वाटतो. टाकलेला शब्द परत घेता येत नाही. आणि जो टाकतो, तो आपली गावातली पत त्याबरोबर गहाण टाकत असतो. हे शेवटचं वाक्य मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी साताऱ्याबद्दल. आपल्याकडे विमा आला तो विलायती कंपन्यांबरोबर. सुरुवातीला त्या कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवायलाच नाखूश असत, आणि उतरवलाच तर गोऱ्या माणसापेक्षा जास्त हप्ता लावत. मुंबईत १८७० साली 'बॉम्बे म्युच्युअल' निघाली आणि हिंदी माणसाला नेहमीच्या दराने विमा मिळू लागला. पुढे स्वदेशीच्या चळवळीत आपल्या लोकांनी ठिकठिकाणी विमा कंपन्या काढल्या. त्यातलीच साताऱ्याची 'वेस्टर्न इंडिया', अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली स्थापन केलेली. मुंबई-पुणे सोडून साताऱ्यासारख्या गावात विमा कंपनी! मोठ्या शहरातल्या कंपनीला खेड्यातला माणूस ओळखत नव्हता. साताऱ्याच्या कंपनीचा मात्र कुणीतरी कुणाचा तरी मामेभाऊ लागत असे, हा तिचा मोठाच फायदा म्हणायचा.

वडील १९४६ साली एजंट झाले. त्यांच्या कामाची पद्धत मी लहानपणी सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून पाहिली आहे. नव्या गावात गेले की ते आधी कुणालाच काही विकत नसत. ज्याच्याकडे लोक कागद वाचून घ्यायला जातात तो माणूस कोण, एवढंच शोधत. तो मास्तर असेल, वैद्य असेल, नाहीतर एखादी विधवा आजी. त्याला सगळा विमा नीट समजावून सांगायचा. पॉलिसी घे म्हणायचं नाही, आणि नावं दे असंही म्हणायचं नाही.

दुसरी गोष्ट, कुणी शब्द टाकून पाठवलेल्या माणसाकडे जाऊन आल्यावर ते घरी येण्याआधी त्या शब्द टाकणाऱ्याकडे जात. पॉलिसी झाली असो वा नसो. 'तुमच्या सांगण्यावरून गेलो होतो, त्यांना सध्या झेपणार नाही, मीच नको म्हणालो,' असं सांगून येत. आई वैतागायची. अंधार पडलाय, भाकरी गार झाली, आणि हे अजून मास्तरांच्या ओट्यावर!

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पॉलिसीधारक गेला तर कागदपत्रं गोळा करण्यापासून चेक येईपर्यंत सगळी धावपळ वडील करत, आणि चेक द्यायला जाताना शब्द टाकणाऱ्याला बरोबर नेत. कुंडलचा एक गवंडी विहिरीचं बांधकाम करताना पडून गेला. त्याच्या बायकोच्या हातात चेक दिला तेव्हा हेडमास्तर शेजारी उभे होते. पुढच्या महिन्याभरात डायरीच्या तिसऱ्या रकान्यात हेडमास्तरांचं नाव नऊ वेळा आलं आहे. वडील म्हणत, 'ज्याच्या मरणानंतर त्याच्या दारात जायची हिंमत नाही, त्याला जिवंतपणी पॉलिसी विकू नये.'

या टापूला हा धडा नवीन नव्हता. कुंडलच्या शेजारीच किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान काढलं होतं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. पुढे त्यांनी कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करायला घेतले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

पण नांगर खपेनात. इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीचे विलायती नांगर हिंदुस्थानात येत होते, तरी सामान्य शेतकऱ्याचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांच्या लाकडी नांगरावर. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं लागली! आता विचार करा, शेतकऱ्याला कारखानदाराने कितीही पटवलं तरी तो का ऐकेल? नांगर खोटा निघाला तर कारखानदाराचा एक नांगर जाणार, शेतकऱ्याचं अख्खं वर्ष जाणार. माझ्या मते नांगर खरा विकला तो बांधाने. बांधापलीकडच्या शेजाऱ्याने लोखंडी नांगर घातला, जमीन खोल उलटली, हरळी निघाली आणि पीक जळालं नाही, हे डोळ्यांनी दिसलं की मग दुसऱ्या जाहिरातीची गरज राहत नाही.

हे किर्लोस्करांच्या लक्षात आलं असावं. कारण शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि एजंटांपर्यंत नेण्यासाठी. आपल्यापैकी ज्येष्ठ वाचकांना जे 'किर्लोस्कर' मासिक आठवतं, त्याचं हे मूळ. नांगर घेतलेल्या माणसाला विसरायचं नाही, त्याच्याशी बोलत राहायचं. वडिलांचं मास्तरांच्या ओट्यावर जाणं आणि किर्लोस्करांचं मासिक, दोन्ही मला एकाच जातीच्या गोष्टी वाटतात.

१९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. त्याच वर्षी १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली. देशी, परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था तिच्यात गेल्या. त्यात साताऱ्याचीही गेली. घरी मोठी चिंता. पण वडिलांचं काही बिघडलं नाही. कंपनीची पाटी बदलली, तिसऱ्या रकान्यातली माणसं तीच राहिली.

असो. आता आपल्या पिनरकडे येऊ.

मी १९७२ साली इंग्लंडला आलो, हॅरोच्या कोडॅक कारखान्यात नोकरीला लागलो, आणि १९७९ साली आम्ही पिनरमध्ये घर घेतलं. पिनर म्हटलं की आज आपल्याला मेट्रोपॉलिटन लाइन आठवते. स्टेशन १८८५ सालचं. पण ही रेल्वे कंपनी नुसती तिकिटं विकत नव्हती, घरंसुद्धा विकत होती! स्टेशनजवळचा सेसिल पार्क हा भाग तिनेच वसवला. १९१५ पासून 'मेट्रोलँड' नावाची पुस्तिका दरवर्षी निघायची, त्यात हिरवी शेतं आणि टुमदार घरांची चित्रं. घर घ्या, आमच्याच गाडीने लंडनला कामाला जा. १९१९ साली तर घरबांधणीसाठी वेगळी कंपनीच काढली. 'किर्लोस्कर खबर'च्याच काळातली ही गोष्ट. फरक एवढाच, की ती पुस्तिका घर घ्यायच्या आधी गिऱ्हाईक शोधत होती.

विम्याचं म्हणाल तर इथे 'मॅन फ्रॉम द प्रू'. प्रुडेन्शियल कंपनी १८४८ ची. १८५४ पासून तिने कामगारवस्तीत आठवड्याला पेनीपेनीचे विमे सुरू केले. ठरलेल्या गल्ल्या, ठरलेला वार, हप्ता न्यायला एजंट दारात हजर. घरात बाळ झालं, कुणी गेलं, कुणाची नोकरी सुटली, हे त्याला शेजाऱ्यांइतकंच लवकर कळायचं. आमच्या गल्लीतली एक इंग्लिश म्हातारी त्याची आठवण सांगायची. 'तो चहाला बसायचा,' म्हणायची. मला वडील आठवायचे.

१९८५ साली मी कारखाना सोडून एका विमा कंपनीचा प्रतिनिधी झालो. तिचं नाव इथे महत्त्वाचं नाही. पहिल्याच दिवशी मॅनेजरने कोरा कागद पुढे ठेवला. 'तुझ्या ओळखीच्या शंभर माणसांची नावं लिही.' ही या धंद्यातली सगळीकडची रीत आहे. मी लिहिली. गणपतीला भेटणारी, मुलांच्या मराठी वर्गाला येणारी, भिशीतली, बॅडमिंटनची. वीस मिनिटांत शंभर नावं झाली आणि मॅनेजर खूश. माझ्या मात्र पोटात कसंतरी झालं होतं, कारण वडील नावं मागत नसत, आणि मी तर न मागताच शंभर नावं देऊन बसलो होतो.

टापू ठरला: पिनर, ईस्टकोट, हॅच एंड, नॉर्थ हॅरो, रेनर्स लेन. दोन प्रकारची माणसं मला गिऱ्हाइकं पाठवू लागली. एक, इस्टेट एजंट आणि अकाउंटंट. त्यांच्याशी सरळ व्यवहार होता, त्यांचं काम मी पाठवायचो, माझं ते पाठवायचे. दुसरी, आपली माणसं. त्यात रेनर्स लेनच्या एक मावशी होत्या. दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या. त्यांच्या चकलीसाठी वॉटफर्डहून लोक येत. नवीन लग्न होऊन आलेलं जोडपं चकली न्यायला आलं की मावशी विचारायच्या, 'घर बघताय का? मग आमच्या ह्याच्याशी बोला. घरचाच आहे.' त्यांच्या शब्दावर तीन वर्षांत अकरा कुटुंबं माझ्याकडे आली. त्याबद्दल मावशींनी एक पेनीसुद्धा घेतली नाही. मी चॉकलेटचा डबा नेला तर रागावल्या.

आणि मी काय विकत होतो? एंडोमेंट मॉर्टगेज. नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. समजा, तुम्ही घरासाठी पन्नास हजार पौंड कर्ज काढलंत. साध्या कर्जात दरमहा व्याज आणि थोडं मुद्दल फिटत जातं. एंडोमेंटमध्ये मुद्दल तसंच ठेवायचं, फक्त व्याज भरायचं, आणि वेगळा हप्ता विमा कंपनीला द्यायचा. ती तो गुंतवणार. पंचवीस वर्षांनी त्याचे इतके पैसे होणार की कर्ज फिटून वर काही हातात उरणार. 'होणार' या शब्दाकडे बघा. ती खात्री नव्हती, तो अंदाज होता. ऐंशीच्या दशकात शेअरबाजार चढत होता, सगळा देश हेच घेत होता, मीही स्वतःसाठी हेच घेतलं होतं. 'कमी पडले तर?' असं कुणी विचारलं की मी हसून म्हणायचो, 'सहसा पडत नाहीत.' खोटं नव्हतं ते. पण पुरेसं खरंही नव्हतं. पॉलिसी झाली की कमिशन सुरुवातीलाच पदरात पडायचं, हेही सांगायला हवं.

वडिलांचं तेव्हा निळ्या एरोग्रामवर पत्र आलं होतं. 'धंदा चांगला चाललाय हे वाचून बरं वाटलं. मावशींना परत जाऊन सांगतोस ना?' मी उत्तरात हवापाणी लिहिलं. वडील १९९३ साली गेले.

मग दिवस फिरले. ऑक्टोबर १९८९ मध्ये व्याजाचा मूळ दर १५ टक्क्यांवर गेला, घरांच्या किमती घसरल्या. नंतर महागाई उतरली, व्याज उतरलं, तसे गुंतवणुकीवरचे परतावेही उतरले. आणि २००० सालच्या आसपास कंपन्यांची पत्रं घरोघरी येऊ लागली. हिरवं पत्र म्हणजे कर्ज फिटेल अशी चिन्हं, पिवळं म्हणजे धोका, लाल म्हणजे पैसे कमी पडण्याची दाट शक्यता. मावशींच्या अकरा घरांपैकी आठ घरांत लाल पत्र आलं. माझ्या घरीही.

मला कुणी फोन केला नाही. मला वाटलं, लोक समजूतदार आहेत. मग २००१ च्या संक्रांतीला हळदीकुंकवाहून ही घरी आली ती गप्प गप्प. खूप वेळाने म्हणाली, 'आज सगळ्यांसमोर एकीने मावशींना विचारलं, तुम्हाला त्याच्याकडून किती मिळायचे हो?' मावशींनी हातातलं तिळगुळाचं ताट खाली ठेवलं आणि कोट घालून निघून गेल्या. त्या वर्षी त्यांनी फराळाच्या ऑर्डरी घेतल्या नाहीत.

ज्याने विकलं त्याला कुणी विचारलं नाही. जिने काही घेतलं नाही तिला विचारलं. शब्द टाकणाऱ्याची पत गहाण पडते म्हणतात ती अशी.

मी फाइल काढली आणि अकरा घरांची दारं एकेक करून वाजवली. वडिलांच्या तिसऱ्या नियमासारखंच हे होतं, फक्त माझ्या हातात चेक नव्हता. दोघांनी घर आधीच विकलं होतं. दोन दारं उघडली नाहीत. उरलेल्या सात जणांबरोबर त्यांच्याच डायनिंग टेबलाशी बसून मी तक्रारीची पत्रं लिहिली. म्हणजे एका अर्थी स्वतःविरुद्धच! प्रत्येकाला माझ्या सहीचा कागद दिला, की धोका मी स्पष्ट समजावून सांगितला नव्हता. तक्रारीला मुदत होती, ती हुकू नये म्हणून धावपळ केली. साधं कर्ज घेतलं असतं तर गिऱ्हाईक आज जिथे असतं तिथे त्याला आणून ठेवायचं, असा भरपाईचा हिशेब होता. पाच जणांना कंपनीकडून भरपाई मिळाली, एकाला नव्या फायनान्शियल ओम्बड्समनकडे जाऊन मिळाली, एकाचा अर्ज फेटाळला गेला. माझ्या तेव्हाच्या वरिष्ठांना हे अर्थातच आवडलं नाही. वर्षभरात मी ती नोकरी सोडली.

सात घरं झाल्यावर मावशींकडे गेलो. पंधरा वर्षं उशिरा, पण परत जाऊन सांगायला. कोणाचं काय झालं ते सगळं सांगितलं, न उघडलेल्या दोन दारांसकट. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, 'हे मला आधी का नाही सांगितलंस? मी लोकांना काय सांगत होते ते मला तरी कळलं असतं.' आणि चहा टाकला.

इतिहास म्हणून एवढं नोंदवायला हवं की कायदाही हळूहळू शहाणा झाला. १९८८ पासून एजंटला आपण एकाच कंपनीचे की स्वतंत्र, हे सांगणं भाग पडलं. १९९५ पासून कमिशनचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवावा लागू लागला. आणि २०१२ च्या अखेरीस गुंतवणुकीच्या सल्ल्यावरचं कंपनीचं कमिशनच बंद झालं. हे सगळं विकणाऱ्यासाठी आहे. शब्द टाकणाऱ्यासाठी मात्र कुठल्याच कायद्यात कलम नाही. त्याचं रक्षण विकणाऱ्यानेच करायचं असतं.

आज आपल्या तरुण मंडळींचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. 'चांगला प्लंबर कोण?', 'मॉर्टगेजवाला सांगा ना कुणीतरी', आणि पाच मिनिटांत चार नावं. छान सोय आहे. माझी एवढीच विनंती, की ज्याच्या सांगण्यावरून तुम्हाला काम मिळालं त्याला परत जाऊन सांगत जा. काम बिघडलं असेल तर सगळ्यात आधी त्यालाच. आणि नाव सुचवणाऱ्यांनो, ज्या गोष्टीचं नाव सुचवता ती आधी स्वतःला समजावून मागा.

पुढच्या दिवाळीला मावशींनी पुन्हा ऑर्डरी घेतल्या, थोड्याच. २००९ साली त्या गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी एक नवं जोडपं चकलीचा डबा घेऊन माझ्या दारात उभं होतं. 'मावशींनी पाठवलंय,' मुलगा म्हणाला. 'म्हणाल्या, यांच्याकडून काही घेऊ नका. पण घराच्या कर्जाचे कागद यांच्याकडूनच समजून घ्या.'

कागद वाचून होईपर्यंत रात्रीचे दहा वाजले. ते गेल्यावर मी मावशींना फोन केला.